बुटाची कड

आपले बूट आपल्याला वरून दिसतात. मान खाली घातली की टोकाचा भाग, नाडी आणि नाडीमागून डोकावणारी जीभ, एवढंच. म्हणून पॉलिशही तिथेच होतं, आणि मन लावून होतं. बाकीचे लोक मात्र बूट बघतात ते बाजूने. जिन्यात आपल्या मागून चढणाऱ्याच्या तर डोळ्यांसमोर फक्त टाचाच असतात. त्यांना दिसते ती तळाची कड: पांढुरकी, पिंजारलेली, कोपऱ्यांवर रंग उडालेली. वर लखलखतं चामडं आणि खाली ही कड, म्हणजे कडक इस्त्रीच्या शर्टाला मळकी कॉलर. बूट जुने दिसतात ते बहुतेकदा या बोटभर पट्टीमुळे.

कड म्हणजे बुटाचा उभा छेद. वरच्या चामड्याला शिवलेली वेल्टची पट्टी, तिच्याखाली सोल, मागे टाचेचे एकावर एक बसवलेले थर. हे सगळं कापून, घासून एका रेषेत आणलेलं असतं. चामडं कापलं की त्याच्या तंतूंची टोकं उघडी पडतात. बूट तयार होतो तेव्हा ही टोकं घासून, रंगवून, मेण चोळून आणि गरम लोखंडाने दाबून बसवलेली असतात. पुढे वापरात मेण झिजतं. ओल्या फरशीवरून चालताना तंतू पाणी पितात, फुगतात आणि वाळले की उभे राहतात. त्यात पायरीला लागलेली ठेच आली, खुर्चीच्या पायाशी झालेली घासाघीस आली. गाडी चालवणाऱ्यांच्या उजव्या बुटाची टाच मागून वेगळीच झिजलेली असते, कारण पेडल दाबताना ती गाडीच्या तळावर टेकून सतत फिरत असते.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे वरचं पॉलिश उरकताना तोच ब्रश कडेवरूनही फिरवून घेणं. पिंजारलेले तंतू ते पॉलिश गटकन पितात, आणि दुसऱ्या दिवशी कड पुन्हा होती तशीच. रंग नंतरची गोष्ट आहे, आधी घासणं. बुटात शू ट्री (बुटाचा आकार टिकवणारा साचा) घालावा, वेल्टच्या खाचेतली धूळ जुन्या टूथब्रशने काढावी, वरच्या चामड्याच्या खालच्या काठाला चिकटपट्टी लावावी (हा कंटाळा मोडून काढावाच लागतो), आणि मग पॉलिश पेपर घ्यावा. आधी २२० नंबरचा, मग ४०० चा. कडेच्या लांबीच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. आडवे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. जुने कारागीर या कामाला फुटक्या काचेचा तुकडा वापरत. काचेची धार चामड्याची अगदी पातळ साल काढते. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी ते खुशाल करावं, मला माझी बोटं प्रिय आहेत.

या सगळ्या खटाटोपात मला खरा आवडतो तो घासण्याचाच भाग. सुरुवातीला कागद खरखरतो, अडखळतो, तपकिरी भुगा पडतो. मग आवाज बारीक होत जातो. अंगठा फिरवून पाहावं, खडबडीत जागा बोटाला लगेच कळते, डोळ्याला नाही. थोडं आणखी. चष्मा शोधायची गरज नाही, मान मोडायची गरज नाही, हात आपोआप पुढे सरकतो. पुष्कळ लोकांना शेवटची चमक आवडते. ती तर बाटलीतूनही मिळते.

एक सूचना मात्र टाच घासायच्या आधीची आहे. पुष्कळ बुटांची टाच चामड्याच्या थरांची नसतेच. आत प्लॅस्टिक असतं आणि बाहेरून थरांच्या रेघा छापलेला पातळ कागद गुंडाळलेला असतो. पॉलिश पेपर फिरला की ते थर भुग्याबरोबर निघून जातात, आणि मग सांगणार कोणाला? अशी टाच फक्त पुसावी, रंगाचा हलका हात द्यावा आणि गप्प बसावं.

रंग कडेसाठीचा वेगळा मिळतो, बहुतेक वेळा टोकाला स्पंज असलेल्या बाटलीत. स्पंज आधी रद्दीवर दाबून जास्तीचा रंग काढून टाकावा. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, हवा असेल तर दुसरा द्यावा. एकावर एक जाड लेप देत गेलं की कडेवर रंगाची साल तयार होते आणि बूट वाकतो तिथे ती तडकते. तपकिरी बुटाला काळी कड मला पटत नाही. वरच्या चामड्यापेक्षा किंचित गडद तपकिरी शोभते. मग मेण. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ताडाच्या पानांचं मेण ८२ च्या पुढे. त्यामुळे दुसरं कडक राहतं आणि जास्त चमकतं. कारागिराकडे गरम लोखंड असतं. घरी चमच्याच्या पाठीने जोर लावून चोळलं तरी घर्षणाच्या उबेने मेण मऊ होऊन पसरतं आणि तंतू खाली बसतात.

कडेला रंग देणं हे केवळ झाकपाकीचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी चित्रकार यासिंत रिगोने १७०१ मध्ये काढलेलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र पाहावं. राजाने पाय असा तिरका टाकला आहे की त्याच्या बुटांची लाल टाच नजरेतून सुटूच नये. त्याच्या दरबारात लाल टाच हा सरदारांचा मान होता. बुटाची मागची-खालची बाजू बघणाऱ्यासाठी असते, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

टाचेची झीज मात्र रंगाला दाद देत नाही. चालताना बहुतेकांची टाच बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावर आधी टेकते, म्हणून तिथलं रबर आधी जातं आणि टाच तिरकी होते. उतार फार झाला की पायही त्या बाजूला कलतो, आणि बुटाचा मागचा भाग हळूहळू आकार सोडतो. रबराचा हा शेवटचा थर बदलता यावा म्हणूनच वेगळा बसवलेला असतो. तो पूर्ण झिजून वरचे चामड्याचे थर घासायला लागले की काम वाढतं, कारण मग तेही नव्याने रचावे लागतात. रबर दोन-तीन मिलिमीटर उरलेलं असतानाच बूट दुरुस्तीला द्यावा.

हे काम मी घरी करत नाही. जुना थर उचकटणं, खिळे, गोंद, दाबून धरणं आणि मग नवा थर टाचेच्या रेषेत तासणं यासाठी यंत्राचं चाक आणि सरावलेला हात लागतो. शिवाय तासताना टाचेच्या कडेचा जुना रंग थोडा निघतोच, म्हणजे कडेचं काम पुन्हा आलं. म्हणून क्रम असा: आधी टाच बदलून आणावी, मग कड घासून रंगवावी आणि सगळ्यात शेवटी वरचं पॉलिश. चिकटपट्टीखालून वर पाझरलेले रंगाचे एक-दोन डाग त्या पॉलिशमध्ये खपून जातात.