माळेत न ओवलेला रुपया

चांदीचा भाव चढला की कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनार-सराफांच्या पेठेत, जुन्या रुपयांची मोड वाढते. लोक खेड्यांतून फडक्यात बांधून रुपये आणतात, काट्यावर ओततात, वजनावर हिशेब होतो आणि सगळं मुशीत जातं. माझा धंदा हाच. पण शाळेत असल्यापासून ब्रिटिश काळातली नाणी जमवत आलोय, त्यामुळे आलेला ढीग तसाच आटणीला पाठवणं मला जमत नाही. आधी साल बघतो.

पन्हाळ्याकडच्या एका गावातून एक आज्जी नातवाला घेऊन आल्या होत्या. पणतवाचं बारसं होतं, वाळे आणि करदोटा करायचा होता. लाल फडक्यात रुपयांची माळ होती, रुपयांना कड्या डागलेल्या, म्हणजे झाळून जोडलेल्या, आणि पटवेकऱ्यानं दोऱ्यात गाठवलेली. शिवाय मूठभर सुटे रुपये.

"मालक, समदं आटवा न् त्यातनंच करा. उरंल त्याचं पैसं द्या."

"आज्जी, आधी निवडू द्या. सगळ्यांत चांदी सारखी नसते."

नातू म्हणाला, "चांदीचाच रुपया की ओ सगळा."

मग त्याला समोर बसवून ढीग पाडले. माळेत बहुतेक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे. 1876 पर्यंतच्या रुपयावर राणीला 'क्वीन' म्हटलंय, 1877 पासून 'एम्प्रेस'. त्यानंतरचा सातवा एडवर्ड, डोक्यावर मुकुट नसलेला. मग पाचवा जॉर्ज. हे सगळे भर तोळ्याचे, 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. सहाव्या जॉर्जचे रुपये मात्र मी बाजूला काढले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी उरली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेच ठेवलं, म्हणून नुसत्या काट्याला हा फरक कळत नाही. 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो लोहचुंबकाला टक्कन चिकटला तेव्हा नातू गप्पच झाला.

हे गिऱ्हाईकाला सांगायलाच हवं, असं माझं मत आहे. निम्म्या चांदीच्या रुपयाला पूर्ण भाव मिळेल या आशेनं माणूस आलेला असतो. आणि उलटंही होतं. जे नाणं मोडीत घालूच नये, तेही तोळ्याच्या भावानं निघून जातं.

तसं एक नाणं सुट्या रुपयांत होतं. पाचवा जॉर्ज, कडी नाही, वर हळदकुंकवाचा थर. साल 1911. माझ्या संग्रहात हे साल नव्हतं. भिंग लावलं तेव्हा हात थरथरत होता.

या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एका किताबाची साखळी आहे आणि तिच्यात एक इवलासा हत्ती. सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात फार नाराजी पसरली. सरकारनं रुपये माघारी घेतले, बरेचसे पुन्हा वितळवले आणि 1912 च्या रुपयावर सोंड नीट दिसेल असा हत्ती नव्यानं कोरला. जे आधीच लोकांच्या हाती गेले होते, त्यांतले काही राहिले.

आज्जींना हे सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की याची किंमत चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त आहे, मला तो हवा आहे, आणि नाण्यांच्या बाजारात जो दर चालतो तोच देईन. नातवानं लगेच विचारलं, "चिंचेनं घासून लख्ख केला तर आणखी येतील का?"

"अजिबात घासू नकोस. चिंच नको, रिठा नको, राख नको. घासलं की वरचा मूळ थर जातो, आणि संग्राहक पहिल्यांदा तोच बघतो."

माळेतल्या नाण्यांना म्हणूनच संग्राहक विचारत नाहीत. कडीचा डाग बसला की नाणं दागिना होतं. आज्जींना हे पटलं नाही. "माळ माझ्या सासूची हाय. डाग असंल न्हाईतर नसंल." आणि त्यांचं बरोबर होतं. ती माळ कुठल्या संग्रहासाठी गाठवलेली नव्हतीच.

बराच वेळ त्या रुपया हातात धरून बसल्या. सासऱ्यांनी तो लक्ष्मीपूजनासाठी वेगळा ठेवला होता, माळेत ओवू दिला नव्हता, एवढंच त्यांना माहीत होतं. मग भिंग मागून घेतलं. मी हत्तीची जागा दाखवली.

माळेतले चार राणीछाप सोडवून आटवायचे, बाकीची माळ परत गाठवायची, असं ठरलं. सहाव्या जॉर्जचे रुपये मी टंच काढून, म्हणजे त्यात चांदी किती ते तपासून, त्या भावानं घेतले आणि त्यातून घडणावळ भागली. 1911 चा रुपया विकायला आज्जी तयार झाल्या नाहीत. मला तो हवा होता, अजूनही हवाय, पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका म्हणून कागदाची घडी करून त्यात घालून दिला. नातवानं घडीवर पेनानं साल लिहिलं.

जाताना पायरीवर थांबून आज्जी म्हणाल्या, "डुक्कर कुठलं रं, चांगला हत्ती हाय की."