नांगरटीतलं पातळ चांदीचं नाणं: एका दिवसाचा वृत्तांत

हातात मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू आवाजाने दाखवणारं यंत्र), जागा नांगरलेल्या शेताची आणि मालकाची लेखी परवानगी खिशात. पाऊस पडून दोन दिवस झालेले, त्यामुळे माती ओली, पण बुटाला चिकटणार नाही इतपतच. शक्यतो हीच वेळ गाठावी. ओल असली की खोलवरचा सिग्नल जरा स्पष्ट येतो. परवानगीबरोबर तिथला कायदाही आधीच पाहावा. काही देशांत विनापरवाना डिटेक्टर फिरवणं हाच गुन्हा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी सापडलेलं जुनं नाणं सरकारला कळवावं लागतं.

सुरुवात ग्राउंड बॅलन्सने, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज मशीनकडून वगळून घ्यायचा. धातू नसलेली हातभर जागा शोधून कॉइल (मशीनच्या टोकाची तबकडी) जमिनीपासून २–३ ते २५–३० सेंमी अशी वरखाली करायची, आवाज स्थिरावेपर्यंत. शेताच्या वरच्या अंगाला माती तांबूस झाली तिथे हे पुन्हा करावं लागलं. मशीन उगीच बडबडत असेल तर सेन्सिटिव्हिटी (किती बारीक सिग्नल पकडायचा ते) दोन घरं खाली आणावी. कमी खोली चालेल, पण खोट्या आवाजांनी कान बधिर झालेले चालत नाहीत. मोबाइल कॉइलपासून लांब ठेवावा.

पहिले दोन तास फक्त खिळे. जुन्या वस्तीची माती अशीच असते, आणि नाणी निघतात तीही तिथेच. ११ इंची कॉइलखाली खिळा आणि नाणं एकाच वेळी येतं, लोखंडाचा आवाज नाण्याचा आवाज गिळतो. ६ इंची कॉइल लावल्यावर दोन्ही वेगळे ऐकू येऊ लागले. खोली कमी मिळते, हे मान्य. एक फेर ३–४ सेकंदांचा, टोकाला कॉइल न उचलता, आधीच्या फेरावर निम्मा चढवून. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळणं) फार चढवू नये: पातळ चांदी आणि सोनं यांचे स्क्रीनवरचे नंबर बरेचदा चांदीकागद आणि डब्याच्या झाकणांच्याच पट्ट्यात पडतात. २०२१ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात हेन्री तिसरा या राजाचा १२५७ च्या सुमाराचा सोन्याचा पेनी मिळाला, तोही डिटेक्टरनेच.

नाण्याचा सिग्नल बारीक होता, पण दोन्ही दिशांनी येत होता. ९० अंशांत फिरून पाहिलं तरी आकडा दोन-तीनच घरं हलला. खिळा अशा वेळी एका बाजूने गोड वाजतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो किंवा गुरगुरतो. गोल वॉशर मात्र कुणालाही फसवतो, तो खणूनच कळतो.

खणताना फावडं मध्यबिंदूपासून १२–१५ सेंमी लांब लावावं. घाईघाईत अगदी जवळ खणलं की नाण्याच्या कडेला फावड्याची खाच पडते. ढेकूळ उलटवून पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवला. नाणं ढेकळातच उभं रुतलेलं होतं. उभं नाणं कॉइलला कमी दिसतं, म्हणून सिग्नल बारीक. खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवायला विसरू नये, एकाखाली दुसरं असू शकतं.

हाताने ठोकून पाडलेलं, एक ग्रॅमच्या आतबाहेरचं नाणं. आता अंगठ्याने घासायचं नाही! मातीतल्या वाळूचे क्वार्ट्झचे कण चांदीपेक्षा कितीतरी कठीण असतात. एकदा चोळलं की अक्षरांवर ओरखडे कायमचे. नाणं दुर्मीळ आहे की नाही, हे बरेचदा टांकसाळीच्या एवढ्याशा खुणेवर ठरतं. नाण्याची चकती ती ठोकायच्या ठशापेक्षा लहान असल्याने ती खूण आधीच निम्मी कापलेली असते, उरलेली आपण घासून घालवतो. कडेने धरून, मातीसकट कडक डबीत ठेवावं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको, त्यातून सुटणारी द्रव्यं धातूला खातात. घरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून माती आपोआप सुटू द्यावी. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यांतलं काही लावू नये. वाकलेलं असेल तर सरळ करायला जाऊ नये, जुनी चांदी ठिसूळ होऊन मोडते.

खड्डा बुजवण्याआधी नोंद: जीपीएस अंक दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत (साधारण एक मीटरची अचूकता), खोली, मातीचा रंग. वजन नंतर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर. फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. उजेड बाजूने तिरपा पडू द्यावा, झिजलेली अक्षरं त्यातच उठून दिसतात.

त्या जागेभोवती पाच मीटरपर्यंत आडवे-उभे फेर मारले, आणखी काही निघालं नाही. पुढची नांगरट झाली की तिथेच, सरींना काटकोनात पुन्हा फिरावं.