शंभर तासांचा गेम आणि आठवड्याचे चार तास

मागच्या शनिवारी रात्री पोरगी झोपल्यावर चार महिन्यांनी पर्सोना ५ रॉयल उघडला. सेव्ह फाईलवर ६२ तास, गेममधली तारीख सप्टेंबरची. लोड झालं, आपला हिरो कॅफेच्या माळ्यावरच्या त्याच्या खोलीत उभा, फोनवर दोघातिघांचे मेसेज येऊन पडलेले की आज वेळ आहे का, आणि मला काही म्हणजे काहीच आठवेना. यातल्या कुणाला भेटायचं ठरवलं होतं, पैसे कशासाठी साठवत होतो, तो एक पर्सोना (गेममध्ये आपल्या बाजूने लढणारं रूप, दोन फ्यूज म्हणजे एकत्र केली की नवं बनतं) मुद्दाम फ्यूज न करता का ठेवला होता. अर्धा तास नुसते मेनू उघडत-मिटत बसलो आणि बंद करून झोपलो.

गेममध्ये खोट नाही हे आधीच सांगतो, मला तो मनापासून आवडलेला आहे. एका शाळकरी पोराचं एक अख्खं वर्ष एप्रिलपासून दिवसादिवसाने जगायचं असा तो गेम आहे, तिथे लांबी हाच विषय आहे, लोडिंगच्या वेळी स्क्रीनवर 'टेक युअर टाइम' असं चक्क लिहून येतं. पण माझ्याकडे आठवड्याचे चार तास असतात, तेही घरात कुणी आजारी नसेल आणि ऑफिसात रिलीज नसेल तर. शंभर तासांचा गेम म्हणजे पंचवीस आठवडे, सहा महिने झाले, एकही आठवडा न चुकता. आणि एक आठवडा चुकला की नावं विसरायला होतात, तीन चुकले की बटणं.

म्हणून हा प्रश्न सध्या डोक्यात घोळतोय की आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची ताकद वाढवत गोष्ट पुढे नेण्याचा गेम, संपायला किती वेळ लागावा. माझं उत्तर पूर्वी वेगळं होतं, आता बदललंय, आणि ते का बदललं तेच लिहून काढतोय.

माझा पहिला आरपीजी म्हणजे पोकेमॉन फायररेड, मामाच्या घरी, एम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्राचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर), कीबोर्डने. उन्हाळ्याची सुट्टी, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी लोडशेडिंग. लाईट जायची वेळ झाली की आम्ही घड्याळाकडे बघत सेव्ह करायचो, कारण त्या जुन्या पीसीला यूपीएस वगैरे नव्हता आणि एकदा का खटकन गेली की गेलं सगळं. त्या गेममध्ये मी चारमँडर हा आगीचा पोकेमॉन घेतला होता, आणि ज्यांनी घेतलाय त्यांना माहितीये की पहिलाच जिम लीडर ब्रॉक, त्याचे पोकेमॉन दगडाचे, आपल्या आगीने त्यांना फारसं काही होत नाही. तीनदा हरलो. मग मामेभावाने कुठून तरी कळवलं की चारमँडर लेव्हल १३ ला गेला की मेटल क्लॉ हा वार शिकतो आणि तो दगडावर चालतो. झालं, दोन दुपारी मी विरिडियनच्या जंगलात गवतातून इकडून तिकडे फिरत सुरवंट मारत बसलो, आणि १३ झाल्यावर जो ब्रॉकच्या ऑनिक्सवर मेटल क्लॉ मारला ना, त्याचा आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आता याला लोक ग्राइंडिंग म्हणतात आणि नाक मुरडतात. पण ते ग्राइंडिंग मी कशासाठी करतोय हे मला ठाऊक होतं, ते कधी संपणार हेही ठाऊक होतं, आणि ते संपल्यावर जगात काहीतरी बदललं. माझ्या मते फरक इथेच पडतो.

अजून एक गोष्ट त्या गेमची. सकाळी उठून सेव्ह लोड केला की तो लगेच आपल्याला खेळायला सोडत नाही, आधी मागच्या वेळी आपण शेवटी काय काय केलं त्यातले तीन-चार प्रसंग फिक्या रंगात दाखवतो, या दुकानात गेलास, याच्याशी लढलास. २००४ सालचा गेम, एवढ्याशा कार्ट्रिजवरचा, आणि त्याला कळलं होतं की माणूस मध्ये जेवतो, झोपतो, परगावी जातो. ड्रॅगन क्वेस्ट ११ सुद्धा लोड करताना आतापर्यंतची गोष्ट दोन ओळींत सांगतो. शंभर तासांचा गेम बनवणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं तरी करावं, कारण शंभर तास मागताय म्हणजे माझ्या आयुष्यातले काही महिने मागताय, त्यात खंड पडणारच.

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो माझ्याशी या विषयावर कडाकडा भांडतो. त्याचं म्हणणं, "दादा, चार हजारांचा गेम तीस तासांत संपला तर परवडतं का? तासाला किती पडले बघ ना." तो खरंच असा हिशोब मांडतो, किंमत भागिले तास, आणि जो सगळ्यात स्वस्त पडेल तो सेलमध्ये घेतो. मी त्याला हसत नाही. त्याच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत, वर्षाला दोन गेम घेता येतात, तर ते पुरले पाहिजेत, आणि त्या वयात मीही हेच केलं असतं. लांबलचक गेम ज्याने पहिल्यांदा मागितला तो असाच कुणीतरी सुट्टीतला पोरगा असणार. पण त्याला मी एकच विचारतो की त्या शंभरातले आठवतात किती तास? तो गप्प बसतो, मग म्हणतो सुरुवातीचे वीस आणि शेवटचे पाच.

लांबी आली कुठून हे बघितलं तर गंमत वाटते. १९८६ साली फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, पहिला ड्रॅगन क्वेस्ट आला तेव्हा अख्खं कार्ट्रिज ६४ किलोबाइटचं होतं, आज एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत गोष्ट ती किती मावणार? मग राक्षस मारा, सोनं मिळवा, तलवार घ्या, पुढच्या पुलापलीकडे जा, असं करत तो पुरवला. जपानी आवृत्तीत सेव्हसुद्धा नव्हता, २० अक्षरांचा मंत्र वहीत उतरवून घ्यायचा आणि एक अक्षर चुकलं की गेलं. पण त्या लेव्हल वाढवण्यामागे एक चांगली बाजूही होती, युजी होरी यांचा हा गेम बोटांच्या चपळाईवर नव्हता, ज्याचा हात चालत नाही तोही वेळ देऊन जिंकू शकत होता. म्हणजे तिथे वेळ ही खेळणाऱ्याला दिलेली मदत होती.

आता जागेची अडचण उरलेली नाही, शंभर जीबीचे गेम येतात, आणि तरीही मॅपवर एकसारखी दीडशे चिन्हं पेरलेली असतात, तीच छावणी, तोच बुरूज, तीच पेटी. मध्यंतरी एका मोठ्या ओपन वर्ल्ड (जिथे हवं तिकडे मोकळं फिरता येतं अशा) गेममध्ये मी चौथा सारखाच बुरूज चढत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत बघत चढतोय. त्या क्षणी तो गेम माझ्यापुरता संपला, कथा पुढे किती का असेना. आणि याहून वाईट म्हणजे २०१८ च्या असॅसिन्स क्रीड ऑडिसीमध्ये एक्सपी (ज्याने लेव्हल वाढते ते गुण) ५० टक्के जास्त मिळावा म्हणून कायमचा बूस्ट खऱ्या पैशात विकायला ठेवला होता. गेम आधी लांब करायचा आणि मग तो आखूड करायचे पैसे घ्यायचे, याला काय म्हणावं? जानेवारी २०२२ मध्ये डाइंग लाइट २ च्या कंपनीने तर अभिमानाने ट्विट केलं की गेम पूर्णच्या पूर्ण करायला किमान ५०० तास लागतील, लोक इतके वैतागले की मग त्यांनाच सांगावं लागलं, अहो मुख्य कथा वीसच तासांची आहे. पाचशे हा आकडा ऐकून लोक खूष होतील असं कुणालातरी वाटलं होतं, याचंच मला वाईट वाटतं.

माझ्यासाठी या सगळ्याचं उत्तर १९९५ मध्येच देऊन झालंय, क्रोनो ट्रिगर. वीस-पंचवीस तासांत संपतो. (इथून पुढे त्यातल्या दोन गोष्टी उघड करतोय, खेळायचा असेल तर हा भाग सोडून द्या.) सुरुवातीला जत्रा आहे, राज्याला हजार वर्षं झाल्याची. तिथे तुम्ही एका मुलीला धडकता, तिचं पेंडंट पडतं, आधी पेंडंट उचलायचं की आधी तिची विचारपूस करायची हे तुमच्यावर. एका टेबलावर म्हाताऱ्याचा डबा ठेवलाय, खाल्ला तर तब्येत भरून येते, आपण खातो, गेममध्ये दिसेल ते उचलायचं हीच सवय असते. एका छोट्या मुलीचं मांजर हरवलंय, शोधून द्या किंवा देऊ नका. कुणी काही बोलत नाही, गोष्ट पुढे जाते. आणि मग दोनेक तासांनी तुम्हाला कोर्टात उभं करतात आणि एकेक साक्षीदार पुढे येतो, याने माझा डबा खाल्ला, याने माझं मांजर आणून दिलं, मुलगी पडली तेव्हा हा आधी पेंडंटकडे धावला. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा खुर्चीत नीट उठून बसलो होतो. जत्रेतलं एक मिनिट वाया गेलेलं नाही, प्रत्येक क्षण दोनदा कामाला आलाय. लांबी न वाढवता गेम मोठा कसा करायचा हे यात दिसतं.

दुसरी गोष्ट रोबोची, म्हणजे आपल्या सोबत्यांमधल्या यंत्रमानवाची, आणि ही लिहिताना मला आजही गलबलतं. इ.स. ६०० मध्ये एका बाईला उजाड वाळवंटात पुन्हा जंगल उभं करायचं असतं आणि रोबो म्हणतो मी थांबतो, मी करतो. आपण त्याला तिथे सोडून टाइम मशीनने इ.स. १००० मध्ये येतो, आपल्याला एक मिनिट लागतं. तिथे हिरवंगार जंगल उभं असतं आणि एका देवळासारख्या जागेत बंद पडलेला, गंजलेला रोबो ठेवलेला असतो. चारशे वर्षं. मित्र त्याला दुरुस्त करतात आणि रात्री सगळे शेकोटीभोवती बसून बोलतात. चारशे वर्षांचा भार आपल्या अंगावर येतो, आणि त्यासाठी एकही झाड आपल्याला हाताने लावायला लागत नाही. आजच्या एखाद्या गेमने इथे दोनशे रोपं लावायला लावली असती याची मला खात्री आहे.

बरं, ज्याला अजून हवंय त्याचं काय? त्याचीही सोय आहे. एकदा संपवला की न्यू गेम प्लस, आपली ताकद, सामान घेऊन पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटच्या शत्रूला अगदी जत्रेतूनच जाऊन भिडता येतं, कधी भिडलात त्यावर शेवट बदलतो, दहाहून जास्त शेवट आहेत. मला हे बघून आजोबांचं बोलणं आठवतं. ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी संगीत नाटक रात्री सुरू झालं की पहाट व्हायची, पण त्यातला कितीतरी वेळ वन्स मोअरचा असायचा. पद संपलं की थिएटरातून आवाज, वन्स मोअर, की पुन्हा तेच पद, पण नव्याने घेतलेलं. नाटक लांबायचं ते लोकांनी मागितलं म्हणून. ज्याला पहाटेची गाडी पकडायची आहे तो उठून जायचा आणि ज्याला ऐकायचंय तो बसायचा. गेमची लांबीही अशीच असावी असं मला वाटतं, तीस-पस्तीस तासांत गोष्ट पूर्ण व्हावी, आणि वन्स मोअर आपण म्हणायचं.

तीस-पस्तीस हा आकडा हवेतला नाही, आठवड्याचे चार तास धरले तर दोन महिने होतात, आणि दोन महिने माझ्या डोक्यात एखादं जग जिवंत राहू शकतं हे मी स्वतःवर आजमावलंय. २०२५ मध्ये क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ खेळलो, फ्रान्समधल्या मॉन्टपेलिएच्या स्टुडिओचा, मुख्य गोष्ट साधारण तेवढीच. त्यात दरवर्षी दूरवरच्या एका प्रचंड शिळेवर लिहिलेला आकडा एकाने कमी होतो आणि त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन उडून जातात. ज्या गोष्टीत लोकांकडे एकच वर्ष उरलंय ती गोष्ट रेंगाळली असती तर खोटी वाटली असती. नऊ शनिवारांत संपवला, एकदाही मागचं आठवायला लागलं नाही.

लांब गेम नकोतच असं मात्र मी म्हणत नाहीये. विचर ३ या लांबलचक गेममधला वेलेन प्रांताचा तो बॅरन, ज्याची बायको आणि मुलगी निघून गेलीय, त्याच्याबद्दल आधी राग, मग कीव, मग पुन्हा राग, असं करत माझ्या कितीतरी रात्री गेल्या आणि घड्याळ बघितलं नाही. एक माणूस हळूहळू उलगडायला वेळ लागतो, तो जरूर घ्या. पेट्या गोळा करायला माझा वेळ घेऊ नका, एवढंच मागणं आहे.

पर्सोनाचं असं ठरवलंय की पोरीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की पुन्हा एप्रिलपासून सुरू करायचा, शेजारी वही ठेवून, कुणाला काय कबूल केलं ते लिहीत.

आणि मावसभावाला मी त्याच्या वाढदिवसाला क्रोनो ट्रिगर गिफ्ट केला. नको म्हणत होता, वीस तासांत काय होणार दादा, ग्राफिक्स बघ कसले आहेत. परवा रात्री सव्वाबाराला त्याचा फोन आला, मला वाटलं घरी काही झालं की काय. हॅलो नाही, काही नाही, डायरेक्ट म्हणाला, "दादा, जत्रेतला तो डबा मी खाल्ला होता हे यांना कसं काय कळलं?"