नाथसागराच्या काठावर नॉर्मंडीचा हिशोब

मे महिन्यात पैठणला गेलात तर धरणाच्या दरवाजांपाशी रेंगाळू नका. 27 दरवाजे, सगळे बंद. त्यापेक्षा वरच्या अंगाला पाणी मागं सरलंय तिथं उतरा. आम्ही तेच केलं. भेगाळलेला गाळ, टरबुजाची गाळपेर, काठावर उलटे पालथे टाकलेले चप्पू, म्हणजे मासेमारीच्या छोट्या होड्या. समुद्र इथून घाट उतरून दिवसभराच्या वाटेवर, तरी 6 जून 1944 ची, फ्रान्सच्या जर्मनव्याप्त नॉर्मंडी किनाऱ्यावरची दोस्त सैन्याची चढाई समजून घ्यायला मला हाच काठ सोयीचा वाटतो.

जाळं सुकवत बसलेल्या एकानं हटकलं, "तिकडून नका जाऊ सर. वरून भाकरीवानी पापुद्रा धरलाय, खाली समदं पिठलं हाय." काठी टोचली तर हातभर आत गेली.

नेमकी हीच धास्ती दोस्त सैन्याला होती. वाळूखाली चिकण आणि कुजकी माती असेल तर तीस टनी रणगाडा जागेवरच बसणार, आणि त्याच्यामागची रांगही. म्हणून 31 डिसेंबर 1943 च्या रात्री मेजर स्कॉट-बोडन आणि सार्जंट ऑग्डन-स्मिथ व्हेर-सुर-मेरच्या किनाऱ्यावर पोहत गेले, हातगिरमिटानं भोकं पाडून मातीचे नमुने नळ्यांत भरून घेऊन आले. मऊ पट्टे निघालेच. त्यावर उपाय म्हणून काही चर्चिल रणगाड्यांच्या तोंडावर जाड कापडाचं भलंमोठं रीळ बसवलं. रणगाडा पुढं जाईल तशी चटई अंथरली जायची. ट्रॅक्टर रुतला की आपण चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो, त्यातलाच प्रकार.

दुसरी गोष्ट उताराची. इथं पाणी हातभर उतरलं की जमीन किती लांबवर उघडी पडते ते बघा. नॉर्मंडीत अमेरिकन सैन्य जिथं उतरलं त्या, 'ओमाहा' असं सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत सहा मीटरच्या आसपास फरक, आणि ओहोटीला उघडी पडणारी वाळू सुमारे 300 मीटर. म्हणजे पन्नासाला एक असा उतार. शिपायाच्या दृष्टीनं भरतीला उतरणं बरं, उघड्यावर कमी पळावं लागतं. जर्मनांनीही तोच अंदाज धरून भरतीत बुडतील असे ओंडके, लोखंडी तिकाटणी आणि त्यांवर सुरुंग पेरले होते. म्हणून उलटं ठरलं: ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की उतरायचं. अडथळे दिसतात, आणि रिकामी नाव चढत्या पाण्यावर सुटून परत जाते. पहाटे ओहोटी आणि आदल्या रात्री छत्रीधाऱ्यांना चांदणं, असं जुळणारे दिवस जूनच्या सुरुवातीला तीनच: 5, 6, 7. त्यातला पहिला वादळानं खाल्ला.

या निवडीची किंमतही होती. पाणी तासाला मीटरभराहून जास्त चढत होतं. ओमाहावर अडथळ्यांतून 16 वाटा फोडायच्या होत्या. भरतीनं गाठलं तेव्हा निम्म्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या.

तरंगत्या रणगाड्यांचं तर फारच वाईट झालं. भोवती कापडी पडदा उभारलेले हे रणगाडे शांत पाण्याच्या हिशोबानं केलेले. ओमाहासमोर एका तुकडीनं 29 रणगाडे किनाऱ्यापासून जवळपास पाच किलोमीटर आत समुद्रात, सहा फुटी लाटांत सोडले. प्रवाह बाजूला ओढत होता, दिशा धरायला तोंड वळवलं की लाट आडवी यायची. 27 बुडाले. आडवी लाट घेऊ नये हे इथं चप्पूवर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, पण तिथं वळायला दुसरी बाजूच नव्हती. शेजारच्या तुकडीनं आपले रणगाडे नावेतूनच थेट वाळूपर्यंत नेले, हा निर्णय मला त्या सकाळचा सर्वांत शहाणा वाटतो.

बंदर काबीज करणं किती महाग पडतं हे 1942 मध्ये दिएप या फ्रेंच बंदरावरच्या फसलेल्या हल्ल्यानं शिकवलं होतं, म्हणून बंदरच सोबत नेलं. सहा हजार टनांपर्यंतच्या काँक्रीटच्या पेट्या ओढत नेऊन बुडवल्या, आतल्या बाजूला पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता रस्ता. असे दोन संच. 19 जूनपासूनच्या वादळात ओमाहासमोरचा मोडला, आरोमाँश गावासमोरचा तगला.

आणि मग अमेरिकनांनी जे केलं ते गमतीचं आहे. मोठ्या उतरण-जहाजांचा कणा मोडेल या भीतीनं जी गोष्ट आधी टाळत होते तीच सर्रास सुरू केली: भरतीला जहाज किनाऱ्यावर घालायचं, ओहोटीत कोरड्या वाळूवर बसू द्यायचं, तोंड उघडून ट्रक सरळ खाली उतरवायचे आणि पुढच्या भरतीला निघून जायचं. कणे मोडले नाहीत. खालची वाळू टणक होती.