दुधाचे खाडे आणि पॅडचा हिशेब

ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘ग्लीसन ४+३’ असं होतं; ग्लीसन म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आडदांड आहेत त्याचे गुण. हे म्हणाले, "बेरीज सातच ना? मग ३+४ काय नि ४+३ काय!" फरक असतो. पहिला आकडा ज्या पेशी जास्त आहेत त्यांचा, आणि ४ म्हणजे जास्त आडदांड. एवढं समजेपर्यंत ऑपरेशनची तारीखही ठरली होती.

आम्ही सांगलीचे, प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन पुण्यात, रोबोटने. ते पार पडलं. घरच्यांसाठी खरी कामं नंतर सुरू होतात. दहा दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, होता. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवायची, आणि रोज चालायचं. नणंदेच्या सोसायटीत पिशवी लोंबकळत फिरायला हे काही तयार होईनात. शेवटी मी ती भाजीच्या कापडी पिशवीत घालून दिली. लिफ्टमध्ये एका आजोबांनी विचारलं, "भाजीला का?" हे म्हणाले, "हो, मेथी मिळते का बघतो." ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

कॅथेटर काढल्यावर गळती होणार, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तरी पहाटे तीनला स्वतःची चादर स्वतः धुणारा नवरा बघायची माझी तयारी नव्हती. दिवसाला पाच-सहा पॅड लागायचे. दुधाचे खाडे आम्ही कॅलेंडरवर मांडतो. त्याच चौकटीत हे कोपऱ्यात पॅडचा आकडा लिहू लागले. लघवी मध्येच अडवल्यासारखे स्नायू आवळायचे, सोडायचे, असा व्यायाम चालायचा, बहुतेक बातम्या बघताना. साडेतीन महिन्यांनी चौकटीत १ आला. (नवराबायकोचा ‘तो’ विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. डॉक्टरांनीच विचारलं, बरं झालं.)

मधे काढलेल्या प्रोस्टेटचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. काउंटरवरून पाकीट हातात मिळालं, समजावणारं कोणी नाही. गाठ कवचाबाहेर किंचित आलेली, आणि कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी सापडलेल्या. धाकटे दीर म्हणाले, "लगेच रेडिएशन घ्या, विषाची परीक्षा कशाला?" माझंही मत तेच होतं.

पण ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींमुळे रक्तात येणारा घटक) ०.०३ आलं, म्हणजे जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. लगेच रेडिएशन घेणारे आणि पीएसए वाढायला लागल्यावर घेणारे, यांच्यात पाच वर्षांनी आजार आटोक्यात राहण्याच्या बाबतीत फारसा फरक दिसला नव्हता. लघवीचे त्रास मात्र लगेच घेणाऱ्यांना जास्त. हे एवढंच म्हणाले, "आत्ता कुठे कोरडा व्हायला लागलोय." यावर मी काय बोलणार? थांबायचं ठरलं. दर तीन महिन्यांनी पीएसए, तेही एकाच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडा थोडा हलतो आणि आपली झोप उडते.

परवाचा आकडा ०.०८ आहे. ०.२ कडे सरकू लागला तर रेडिएशन, आणि बहुधा सोबत सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. त्याने अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, असं ऐकल्यापासून हे धास्तावलेत.

"अहो, मी चार वर्षं काढलीत तशी," मी म्हटलं.

"मला कधी बोलली नाहीस?"

"पंखा कोण वाढवत होतं मग रात्री?"