सावंतवाडी ते जुने गोवे, पायी

संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे 3 डिसेंबरला, जुन्या गोव्यात पोहोचायचे म्हणून आमची तुकडी सावंतवाडीहून निघाली, तेव्हा तिकडे नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली होती आणि इकडे माझे यजमान जिथे कामाला होते त्या कारखान्याला कुलूप लागलेले होते. देणी मिळणार का, मिळाली तर केव्हा, कारखाना पुन्हा उघडेल का, यांपैकी कशाचेही उत्तर कोणाजवळ नव्हते. मी नवस फेडायला निघाले नव्हते आणि बोलायलाही नाही. रात्री झोप लागत नव्हती. ज्याच्यावर माझा विश्वास आहे त्याच्यासमोर काही काळ दुसरे कोणतेही काम न करता राहावे, एवढीच इच्छा होती.

पुढे क्रूस, मागे दोन रांगांत आम्ही. बांदा गेले, पत्रादेवीला हद्द ओलांडली. सोबतच्या टेम्पोवरच्या कर्ण्यातून गीते इतक्या मोठ्याने लागत, की जपमाळेचे मणी नुसतेच बोटांतून सरकत आणि मन कुठेच ठरत नसे. त्यातच तुकडीतले एक वडीलधारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "देव करतो ते भल्यासाठीच, बघ, पुढच्या महिन्यात कारखाना सुरू होतो की नाही." त्यांच्या मनात माया होती, हे मला कळत होते, तरीही मला राग आला आणि तो बराच वेळ टिकला. कारखाना सुरू होईल असे वचन देवाने कोणालाही दिलेले नाही. त्याने न दिलेले वचन त्याच्या नावाने दुसऱ्याला देऊन टाकण्याची आपली सवय श्रद्धेला बळ देत नाही. उलट तारीख उलटून गेली की त्या माणसाचा देवावरचाच भरवसा डळमळतो.

पेडणे मागे पडल्यावर कोलवाळच्या दिशेने चालताना ती दुपार आली. चौपदरी रस्ता, कडेला सावली नाही, आणि डिसेंबर तोंडावर असूनही डांबर पायांखाली तापलेले. उजव्या टाचेचा फोड सकाळपासून होताच, आता डाव्या तळव्यालाही आला. तुकडी पुढे गेली. शुक्रवार असल्यामुळे जपमाळेतली दुःखाची रहस्ये, म्हणजे प्रभू येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग, चालू होती आणि मी पहिल्याच रहस्यावर अडकले होते. गेथशेमानीच्या बागेत प्रभूने स्वतः विनवणी केली, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. इतकी वर्षे हे रहस्य म्हणत आले, पण ज्याची विनंती मान्य झाली नाही तो पुत्र पित्याला क्षणभरही परका झाला नव्हता, ही गोष्ट त्या दिवशी लंगडत चालताना मला पहिल्यांदा आधाराची वाटली.

रस्त्यालगतच्या एका घरासमोर थांबून मी चप्पल सैल करत होते. तुळशीपाशी एक म्हातारी बाई वाळवण उलथत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सायबागेर वता गो?" सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, त्याच्याकडे चाललीस का, असे त्या विचारत होत्या. मी मान हलवली. "बस हांगा. पांय दाखय." एवढे बोलून त्या आत गेल्या आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन आल्या, त्यात मूठभर मीठ टाकून त्यांनी माझे पाय स्वतःच्या हाताने आत बुडवले. मी संकोचून पाय मागे घेऊ लागले, तर त्यांनी घोटा धरून ठेवला. मग सुई दिव्यावर तापवून दोरा ओवला, फोडातून अलगद आरपार काढला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून दोऱ्याचे टोक तसेच सोडले. वर खोबरेल लावले, जुन्या धुतलेल्या धोतराची पट्टी बांधली. नाव विचारले नाही, घरची चौकशी केली नाही, धीराचे शब्द काढले नाहीत. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हा पाठ आमच्याकडे दर पवित्र गुरुवारी वाचला जातो. मी तो प्रत्येक वेळी पाय धुणाऱ्याच्या बाजूने ऐकत आले होते. पाय दुसऱ्याच्या हाती सोपवून स्वस्थ बसणे किती कठीण असते आणि पेत्र या शिष्याने तेव्हा का आढेवेढे घेतले, हे त्या ओसरीवर उमगले. उठताना त्या म्हणाल्या, "सायबाक म्हजो नमस्कार सांग."

त्या संध्याकाळी मला भीती वाटली नाही. उद्याची एकही गोष्ट बदललेली नव्हती. त्या दिवसाला लागणारे मात्र त्या दिवशी मिळाले होते. रोजची भाकर आज दे, असे आपण मागतो. वर्षभराची कोठी भरून दे, असे प्रभूने शिकवलेले नाही.

म्हापसा, पर्वरी. बेतीहून फेरीबोटीने पणजी. सतराव्या शतकातल्या बांधावरून रायबंदरकडे पहाटे चालताना पायांची आग पुन्हा सुरू झाली, कोणीतरी घाई करत होते, आणि मला कोणाशीही बोलायचे नव्हते.

ज्याच्या भेटीला आम्ही चाललो होतो, तो 1552 साली शांगच्वान बेटावर वारला. समोर चीनचा किनारा होता, तिकडे नेऊन सोडण्याचे कबूल केलेला व्यापारी यायचा होता, तो आलाच नाही. तापाने फणफणलेला, वयाची 46 वर्षे, हाती घेतलेले काम अपुरे, जवळ एक चिनी सोबती. संताच्या चमत्कारांविषयी लोक भरभरून बोलतात. मला मात्र त्याच्या त्या वाट पाहण्याचा आधार वाटतो. होडी आली नाही म्हणून आपल्याला कोणी टाकले आहे, असे त्याने मानले नाही. शेवटच्या घटकेपर्यंत तो प्रार्थना करत होता, असे त्या सोबत्याने सांगून ठेवले आहे.

बॉम जेझू बॅसिलिकेच्या आवारातली फेस्ताची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाली, मग रांग. संताच्या अवशेषांची चांदीची पेटी उंचावर आहे आणि स्वयंसेवक कोणाला फार वेळ उभे राहू देत नाहीत. मी आधी त्या बाईंचा नमस्कार सांगितला. स्वतःसाठी मागायची वेळ आली तेव्हा कारखान्याचे नाव ओठांवर आले आणि मी ते दाबले नाही. मुलाने बापापाशी मागावे तसे मागितले, आणि नाही मिळाले तरी मी तुझीच आहे, असे म्हटले. हे म्हणताना आवाज घट्ट नव्हता, पण शब्द खरे होते.

बाहेर आल्यावर यजमानांचा फोन आला: सुनावणी पुढे ढकलली आहे. पोटात खड्डा पडला, तो तसा पडतोच. परतल्यावर आम्ही दोघांनी बसून खर्चाची वही नव्याने मांडली, आणि त्यांनी भावाच्या रिक्षावर रात्रपाळी धरली. कारखान्याचे अजून काही कळलेले नाही. निघण्यापूर्वी ते संध्याकाळच्या जपमाळेला बसतात आणि त्यांच्या खात्यातल्या प्रत्येक कामगाराचे नाव घेऊन एकेक 'नमो मारिया', म्हणजे मरियेची प्रार्थना, म्हणतात. त्यातल्या ज्यांच्याशी त्यांचे कधीच पटले नाही, त्यांचीही.