प्रशिक्षक कोण, आणि त्याला नेमणारा कोण?

शिकागोत बेअर्स या फुटबॉल संघाचा हंगाम वाया गेला की जानेवारीत ऑफिसमध्ये, लोकल गाडीत आणि केस कापायच्या दुकानातसुद्धा एकच चर्चा रंगते, ती नव्या मुख्य प्रशिक्षकाची. (इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल.) 2025 च्या जानेवारीतल्या या चर्चेत मीही हिरिरीने भाग घेतला, आणि तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की नावांच्या या तर्कवितर्कांत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो: प्रशिक्षकाला नेमणारा कोण आहे, आणि त्याची स्वतःची खुर्ची किती पक्की आहे?

ती वेळ का आली, ते आधी सांगायला हवे. 28 नोव्हेंबर 2024 रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध बेअर्स 20-23 असे पिछाडीवर होते. शेवटचे जेमतेम अर्धे मिनिट उरलेले असताना नवखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) केलेब विल्यम्स चेंडूसह खाली पाडला गेला. एक टाइमआउट शिल्लक होता. तो घेऊन घड्याळ थांबवले असते, तर बरोबरी साधणाऱ्या फील्ड गोलसाठी (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांसाठी) थोडे पुढे सरकता आले असते. प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांनी तो घेतलाच नाही. घड्याळ चालत राहिले, अगदी शेवटच्या क्षणी लांबवर फेकलेला चेंडू कुणाच्याच हाती लागला नाही आणि सामना संपला. दुसऱ्याच दिवशी एबरफ्लस यांना काढण्यात आले. 1920 पासून चालत आलेल्या या संघाने ऐन हंगामात मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग नावांना ऊत आला. माइक व्रेबल, पीट कॅरल, आणि 1985 च्या हंगामातील विजेत्या बेअर्स संघाचे खेळाडू असलेले रॉन रिव्हेरा, अशा अनेकांच्या मुलाखती झाल्या. लोकांच्या मनात मात्र लायन्सचे आक्रमण आखणारे बेन जॉन्सन होते, कारण त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण लायन्सनेच केले होते आणि विल्यम्सला तब्बल 68 वेळा पाडले गेले होते.

आपल्या क्रिकेटशी तुलना केली तर इथला जनरल मॅनेजर म्हणजे बराचसा निवड समितीसारखा: खेळाडू तो निवडतो, प्रशिक्षक त्यांना खेळवतो. फरक इतकाच की प्रशिक्षकाच्या निवडीतही त्याचा मोठा वाटा असतो. बेअर्सचा अलीकडचा इतिहास या नजरेने पाहिला की मन विषण्ण होते. 2017 मध्ये जनरल मॅनेजर रायन पेस यांनी क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला निवडले आणि तो हंगाम संपताच प्रशिक्षक जॉन फॉक्स गेले. 2021 मध्ये जस्टिन फील्ड्स आला. हंगाम संपल्यावर प्रशिक्षक मॅट नॅगी आणि स्वतः पेस दोघेही गेले. 2024 मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्याच क्रमांकावर विल्यम्सला निवडले, तर एबरफ्लस हंगामही पुरा करू शकले नाहीत. लागोपाठ तीन तरुण क्वार्टरबॅक, आणि तिघांनाही दुसऱ्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाकडून सारे नव्याने शिकणे भाग. एवढ्या अस्थिरतेत कुणाचाही खेळ घडणे अवघड, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच त्या जानेवारीत जॉन्सन येतील का, यापेक्षा जनरल मॅनेजर रायन पोल्स राहतील का, हा प्रश्न मला मोठा वाटत होता. त्याच सुमारास जॅक्सनव्हिल जॅग्वार्सच्या बाबतीत तर हे उघडच दिसले. तिथे यायला आधी नकार देऊन टँपाच्या संघाचे आक्रमण आखण्याच्या कामावरच राहायचे ठरवलेले लियम कोएन, जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांना काढल्याचे जाहीर होताच परत फिरले आणि तिथलेच मुख्य प्रशिक्षक झाले. जॅक्सनव्हिलने नवा जनरल मॅनेजर त्यानंतर नेमला.

शिकागोत पोल्स राहिले. लायन्स बाद फेरीत वॉशिंग्टनकडून हरल्यावर दोनच दिवसांत जॉन्सन यांच्या नेमणुकीची बातमी आली आणि सगळ्या अंदाजांवर पडदा पडला. मला मात्र खरा दिलासा जुलैमध्ये मिळाला, जेव्हा पोल्स यांचा करार 2029 पर्यंत वाढवल्याचे कळले. जॉन्सन यांचा पाच वर्षांचा करारही तिथवरच जातो. रेडिओवर त्या बातमीची जानेवारीच्या निम्म्यानेही चर्चा झाली नाही. विल्यम्सच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची होती.